त्या टाळ्या परत घ्यायला जा

प्रिय ताई,

मी आजच्या लोहारा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात हायस्कूलवर शिक्षक आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बुडवून आम्ही पोरं मंडळाच्या मांडवातच झोपलो, सोबतीला वडील होते. घरात आई आणि चार वर्षांची बहीण होती. त्या दोघी गेल्या.

दर ३० सप्टेंबरला शाळेच्या पटांगणावर श्रद्धांजलीचा कार्यक्रम होतो. सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. यंदा प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्याच्या गावचे एक गृहस्थ आले होते. शाळेला दोन खोल्या त्यांनीच बांधून दिल्यात. भाषण रंगात आल्यावर ते म्हणाले, “खरं सांगू का? भूकंप झाला आणि तुमच्या गावाचं नशीब उघडलं. नाहीतर अजून माळवदाच्या छतावर माती लोटत बसला असता. आमच्या गावाला कुणी असा भूकंप देईल का?” पुढच्या रांगेतले काही जण हसले. एक आजी उठून चालत्या झाल्या. आणि मी, ताई, सवयीने टाळ्या वाजवल्या. माइक हातात घेऊन म्हणालो, “पाहुण्यांच्या मौलिक मार्गदर्शनाबद्दल आभार.”

आता गावातली पोरं पेटली आहेत. पाहुण्यांच्या तोंडाला काळं फासू म्हणतात. जाणती मंडळी म्हणतात, माणूस देणारा आहे, बोलून गेला, सोडून द्या. वडील या कार्यक्रमाला कधीच येत नाहीत. ते अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे एकटेच जुन्या गावात जातात. मी एकदा लांबून पाहिलंय. बाभळीच्या रानात एका ठिकाणी ते चपला काढतात आणि मग पुढे जातात. तिथे आता दारही नाही, भिंतही नाही.

मी काय करू? माफी मागायला लावू? पोरांना कसं आवरू? आणि हा कार्यक्रम पुढे चालवायचा की बंद करायचा? शाळेतली मुलं जांभया देतात. मला तर त्या दिवसापासून माइक हातात धरवत नाही.

— एक सूत्रसंचालक, धाराशिव जिल्हा

*

प्रिय सर,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. उत्तर लांबणार आहे, कारण यातली एक गोष्ट माझ्याही हातून झालेली आहे.

ऑक्टोबर १९९३ मध्ये मी वीस वर्षांची होते. पुण्याहून निघालेल्या मदतीच्या एका ट्रकमधून आम्ही कॉलेजची मुलं-मुली तुमच्या भागात आलो. ट्रकमध्ये जुने कपडे होते. तेव्हा शहराशहरांतून कपड्यांचे नुसते ढीग येत होते, रस्त्याच्या कडेला पावसात भिजत पडत होते. नऊवारी नेसणाऱ्या बायकांना आम्ही स्वेटर आणि फ्रॉक वाटत होतो. एका पत्र्याच्या शेडसमोर एक बाई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. तिची दोन लेकरं गेली आहेत, हे मला आधी कुणीतरी सांगितलं होतं. मी तिच्या हातात गाठोडं दिलं आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, “निदान हा एक तरी वाचला.”

तिने वर पाहिलं. विचारलं, “तुझी माय हाय का?” मी म्हटलं, हो. “मग जा घरी तिच्याकडं.”

ती रागावली नव्हती. एवढंच बोलली आणि मुलाच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. मी ट्रकमध्ये जाऊन बसले. तिची माफी मागायला हवी हे कळायला मला काही वर्षं लागली आणि कळलं तेव्हा ते गाव त्या जागेवर राहिलं नव्हतं.

माझ्या त्या वाक्यात आणि तुमच्या पाहुण्यांच्या वाक्यात मला फार अंतर दिसत नाही. मी एक मूल आणि दोन मुलं एका तराजूत घातली. त्यांनी पक्की घरं आणि मेलेली माणसं घातली. माझा हेतू वाईट नव्हता आणि त्यांचाही नसेल. पण दुःख असलेल्या माणसासमोर तराजू काढला की तो काढणाऱ्याचा हेतू कुणी बघत बसत नाही. ‘निदान’, ‘तरी बरं’, ‘त्यानिमित्ताने’ हे शब्द दुखवट्यात फार जपून वापरावेत. खरं तर वापरूच नयेत.

आमच्या घरीही हे होतं. माझ्या आईचं माहेर नारायण पेठेतलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि त्यांचं घर गेलं. पुढे पूरग्रस्तांच्या सोसायटीत सहकारनगरला त्यांना जागा मिळाली. नंतरच्या काळात तिथल्या जागेचे भाव वाढले, तसे येणारे-जाणारे सहज म्हणायचे, “पुरामुळे तुमचं भलंच झालं की.” आई काही बोलायची नाही. उठून दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला जायची, कधीकधी ओलेच काढून आणायची. हे लहानपणापासून पाहूनही मी किल्लारीला जाऊन ‘निदान’ म्हणाले. म्हणून सांगते, हे वाक्य फक्त दुष्ट माणसांच्याच तोंडून निघतं असं नाही. ज्याला गप्प राहणं जमत नाही अशा कुणाच्याही तोंडून ते निघतं.

आता त्या वाक्यातल्या दाव्याबद्दल. तो तसाच सोडून देऊ नका, कारण तुमच्या शाळेतल्या मुलांनी तो ऐकला आहे. ‘भूकंप झाला म्हणून गाव सुधारलं’ असं त्यांच्या डोक्यात बसलं तर त्यांच्या हातून त्यांचा इतिहासच गेला.

सांगा त्यांना, भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. घराघरांतली माणसं मिरवणुकीहून दमून येऊन गाढ झोपली होती. सुमारे ३० हजार घरं पार कोसळली. ८ ते १० हजार माणसं गेली आणि त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली गेली. का, तेही सांगा. भिंती दोन-तीन फूट रुंद, पण आत-बाहेर दगडांचे दोन वेगळे थर, सांध्यात नुसती माती, आणि दोन्ही थरांना पकडून ठेवणारा लांब दगड मध्ये नाही. वर माळवद, त्यावर दर पावसाळ्याआधी आणखी मातीचा थर. जमीन हलली तेव्हा भिंती फुटल्या आणि झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. लाकडी खांब आणि तुळया कित्येक ठिकाणी तशाच उभ्या राहिल्या होत्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. पुढे तीच लाकडं, तेच दाराचे चौकट-उंबरे चितेला वापरावे लागले.

आणि हेही सांगा की जमिनीने आधी इशारा दिला होता. किल्लारीच्या आसपास १९९२ मध्येच धक्के बसत होते. १८ ऑक्टोबर १९९२ चा धक्का त्यातला मोठा. तुमच्या वडिलांच्या वयाच्या माणसांना विचारा, त्या दिवसांत लोक रात्री अंगणात झोपत होते. मग वर्ष जवळजवळ सरलं, भीती ओसरली, माणसं पुन्हा आत झोपू लागली. त्या अकरा-साडेअकरा महिन्यांत कुणी गावोगाव फिरून नुसतं एवढं सांगितलं असतं, की माळवदावरची माती निम्मी करा, भिंतीत जागोजागी लांब दगड घाला, तर काही घरं उभी राहिली असती. दख्खनचा पठारी प्रदेश स्थिर, इथे मोठा भूकंप होत नाही, असाच तेव्हा तज्ज्ञांचाही समज होता.

म्हणजे चांगलं घर मिळायला भूकंपाची गरज नव्हती. चांगलं घर कसं बांधायचं ते ज्ञान आधीच होतं, तुमच्यापर्यंत आलं नव्हतं. ते यायला आठ-दहा हजार माणसं जावी लागली. याला नशीब उघडणं म्हणणाऱ्याला हा हिशोब शांतपणे समजावून सांगता येतो आणि तो शिक्षकाइतका चांगला कुणाला सांगता येणार?

जे मिळालं त्याची दुसरी बाजूही मुलांना सांगा. ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. घरं जमिनीच्या प्रमाणात मिळाली, भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५०, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. सरळ रस्ते, आखीव प्लॉट. पण जुन्या गावात हाक मारली की चार घरं जागी होत. नव्या गावात शेजारीण दोन रस्ते पलीकडे. ढाळजेत बसून गप्पा मारणारी म्हातारी माणसं कुठे बसणार, बैल कुठे बांधायचे, धान्य साठवायचं बळद कुठे, याचा विचार कुणी केला आणि कुणी नाही. छत पक्कं होतं, पण त्या छताखाली झोपायची हिंमत व्हायला काहींना कितीतरी वर्षं लागली. काहीजण अजूनही पत्र्याखालीच झोपतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. आणि सरकारी नोकरीत भूकंपग्रस्तांसाठी जे २ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यावरून तुमच्या गावच्या मुलांना होस्टेलवर काय काय ऐकावं लागतं, तेही. ती पोरं का पेटली आहेत, याचं उत्तर मला वाटतं इथे आहे. पाहुण्यांचं वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलेलं नाही. पहिल्यांदा ते त्यांच्या स्वतःच्या पटांगणात, स्वतःच्या मेलेल्या माणसांसमोर ऐकलं.

तरीही काळं फासू देऊ नका. त्या गृहस्थांची मला विशेष काळजी नाही. पण काळं फासलं की दुसऱ्या दिवसापासून गोष्ट त्यांची होते. त्यांचा अपमान, त्यांचे समर्थक, त्यांचं निवेदन. तुमच्या आई-बहिणीचं नाव त्यात कुठेही नसेल. शिवाय गुन्हे दाखल होतील ते या पोरांवर. पोलीस भरती, तलाठी भरती, कशाचीही तयारी करणाऱ्या मुलाला चारित्र्य पडताळणीत एक गुन्हा किती महाग पडतो हे तुम्ही त्यांना सांगा. आज ज्या जाणत्या मंडळींना माणूस देणारा आहे म्हणून बोलायचं नाही, ती तेव्हाही पोरांसाठी बोलणार नाहीत.

जाणत्यांचं म्हणणं मात्र मी हलकं घेत नाही. ज्यांनी त्या पहाटे हातांनी दगड उपसले त्यांना आता भांडायची ताकद नसेल. गप्प राहून ते दिवस निभावून नेतात. पण दोन खोल्या दिल्या म्हणून काहीही बोलायची मुभा मिळते, हे मात्र मान्य करू नका. खोल्यांसाठी आभार मानले आहेत, तो व्यवहार तिथे पुरा झाला.

मग करायचं काय? त्या गृहस्थांकडे जा. तुम्ही आणि गावातलं एक वयस्कर माणूस, दोघंच. त्या आजी यायला तयार असतील तर त्याच. मोर्चा नको, निवेदन नको, हातात मोबाइलही नको. आधी निरोप पाठवा की भेटायला येतोय, आणि त्यांच्या घरी जा, कार्यालयात नको. चहा दिला तर घ्या. मग त्यांना हे सांगा, तुमच्या शब्दांत, पण थोडक्यात:

“तुम्ही त्या दिवशी म्हणालात की भूकंपाने आमचं नशीब उघडलं. ते ऐकून मी टाळ्या वाजवल्या. माझी आई आणि बहीण त्या रात्री गेल्या. बहीण चार वर्षांची होती. मी त्या टाळ्या परत घ्यायला आलोय.”

एवढंच. पुढे स्पष्टीकरण देऊ नका. ते म्हणतील, माझा तसा अर्थ नव्हता. म्हणू द्या. ते म्हणतील, मी गमतीत बोललो. तेव्हा आजींना बोलू द्या. ते चिडले तर उठून या, तुमचं काम झालेलं असेल. त्यांनी शाळेला आणखी काही देऊ केलं तर त्या दिवशी घेऊ नका, नम्रपणे सांगा की तो विषय वेगळा. आणि ते खरोखर हेलावले, काय करू म्हणाले, तर त्यांना पुढच्या ३० सप्टेंबरला बोलवा. बोलायला नव्हे, बसायला.

माफी मागायला लावायची का, असं तुम्ही विचारता. माइकवर मागितलेली माफी पुन्हा एक भाषणच होतं आणि त्यानंतर तुम्हालाच पुन्हा आभार मानावे लागतात. त्यापेक्षा एका खोलीत, दोन माणसांसमोर त्यांनी मान खाली घातली तर ती मला जास्त मोलाची वाटेल. पण ती मिळेलच असं धरून जाऊ नका. तुम्ही जाताय ते त्यांच्यासाठी कमी आणि स्वतःच्या हातांसाठी जास्त.

त्या टाळ्यांबद्दल आणखी एक. तुम्ही स्वतःला फार दोष देताय. वर्षानुवर्षं ‘यानंतर पाहुण्यांचं मनोगत’, ‘मौलिक मार्गदर्शन’ म्हणत आलेल्या माणसाचे हात आपोआप वाजतात. खरा प्रश्न मला त्या कार्यक्रमाच्या घडणीत दिसतो. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी डोळ्यांसमोर आणू शकते: मंडप, व्यासपीठ, मागे फ्लेक्स, त्यावर पाहुण्यांचा फोटो, शाल-श्रीफळ, स्वागतगीत, मग दोन मिनिटं शांतता आणि लगेच भाषणं. ज्याला हार घालून उंचावर बसवलं आणि माइक दिला, तो सभा जिंकायला बघणारच. विनोद करणारच. आपणच त्याला सत्काराच्या खुर्चीत बसवलं आणि अपेक्षा केली की तो दुखवट्याला आल्यासारखा वागेल.

आपल्याकडे दुखवट्याला कसं जातात ते आठवा. माणूस दारात चपला काढतो, आत जाऊन भिंतीला टेकून बसतो. नमस्कारसुद्धा तोंडाने करत नाही. घरचं माणूस बोलेपर्यंत कुणी बोलत नाही. बोलतं ते आधी घरचंच, काय झालं, कसं झालं, शेवटी काय म्हणाली. ऐकणारा हुंकार देतो. निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत. शेजारच्या घरून भाकरी येते, तिला कडू घास म्हणतात. आपल्या आजी-पणज्यांनी हे सगळं ठरवून ठेवलं ते उगाच नाही. गेलेल्याच्या घरात कुणाच्या तोंडून वेडंवाकडं जाऊ नये, याची ती तजवीज होती. एका घरात माणूस गेलं तर हे सगळं आपल्याला येतं. अख्खं गाव गेलं तेव्हा आपण त्याचा ‘कार्यक्रम’ केला.

कार्यक्रम बंद करू नका, सर. त्याचा दुखवटा करा.

फ्लेक्स, व्यासपीठ, प्रमुख पाहुणे, सत्कार, सगळं काढून टाका. सतरंज्या अंथरा. बाहेरून कुणीही येवो, आमदार असो नाहीतर शाळेला खोल्या देणारा, तो सतरंजीवर बसेल आणि ऐकेल. बोलेल ते फक्त गाव. तेही भाषण नको, नावं वाचा. गेलेल्या प्रत्येकाचं नाव, वय आणि जुन्या गावातली आळी. तुमच्या गावची गेलेली माणसं किती हे मला माहीत नाही, पण शेकड्यांनी असली तरी तास-दोन तासांत वाचून होतात. हिरोशिमात दर ६ ऑगस्टला सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी घंटा वाजते आणि त्या वर्षी गेलेल्या बाधितांची नावं आधीच्या यादीत भर घालून स्मारकात ठेवतात. जगातल्या कितीतरी गावांनी असं शोधून काढलं आहे की नावं वाचत असताना कुणालाही मार्गदर्शन करायचं सुचत नाही.

ही यादी कोण करणार? तुमची पेटलेली पोरं. त्यांच्याकडे राग आहे, पायात बळ आहे, आणि त्यांनी त्या रात्रीचं काहीच पाहिलेलं नाही. त्यांना वाटतं की भांडल्याशिवाय त्या दुःखात आपला वाटा नाही. त्यांना वाटा द्या. घरोघर पाठवा, वही घेऊन. कुणाचं कोण गेलं, वय काय, घर कुठे होतं, शेजारी कोण होतं. सरकारी यादीत ‘मयत’ एवढंच असतं. कुणी बाळंतपणाला माहेरी आलेली होती, कुणी गणपतीला म्हणून पुण्या-मुंबईहून आला होता, हे फक्त म्हातारी माणसं सांगतील, आणि ती आता फार वर्षं असणार नाहीत. एक गोष्ट मात्र पोरांना बजावून सांगा: ज्याला बोलायचं नाही त्याच्या दारातून परत या, दुसऱ्यांदा विचारू नका. आणि सांगताना कुणी रडलं तर फोटो काढू नका.

मग त्या माहितीवरून जुन्या गावचा नकाशा करा. कागदावर नव्हे. ३० सप्टेंबरच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर फक्कीने आखा, कबड्डीचं मैदान आखतो तसा. वेस, मारुतीचं देऊळ, आड, आळ्या, प्रत्येक घर. सकाळी लोक येतील तेव्हा प्रत्येकाने आपापल्या घराच्या चौकोनात जाऊन उभं राहायचं किंवा बसायचं. ज्या चौकोनात उभं राहायला कुणी उरलं नाही, तिथे शाळेतलं एक मूल पणती घेऊन बसेल. तिथेच नावं वाचायची, आळीवार. तुमच्या जांभया देणाऱ्या मुलांबद्दल तुम्ही लिहिलंय. ती जांभया देतात कारण त्यांना भाषण ऐकवलं जातं. रिकाम्या घराची राखण करायला बसवलं तर ती जांभई देणार नाहीत. मी शिक्षिका नाही, पण एवढं मी खात्रीने सांगते.

मुलांकडून भूकंपाची नाटिका मात्र बसवू नका. काही ठिकाणी असा उत्साह होतो. पुठ्ठ्याच्या भिंती पडतात, मुली किंचाळतात, पालक व्हिडिओ काढतात. ज्याने ती किंकाळी खरी ऐकली आहे असा एक जरी माणूस त्या मैदानात बसला असेल तरी ते करायचं नाही. त्याऐवजी विज्ञानाच्या तासाला वाळू, दगड आणि हलणारी फळी घेऊन दाखवा, की मातीत रचलेली भिंत कशी फुटते आणि बांधून घेतलेली कशी टिकते. हेही स्मरणच आहे. तुमच्या शाळेतली काही मुलं उद्या गवंडी होतील, काही इंजिनिअर. किल्लारीच्या मुलाने बांधलेली भिंत कुणाच्या अंगावर पडू नये.

माइकचं म्हणाल तर पुढच्या वर्षी तो तुमच्याच हातात राहू द्या. निवेदन करायचं नाही, नावं वाचायची. तुमच्या घराच्या चौकोनापाशी आलात की दोन नावं वाचायची आणि पुढे जायचं. आवाज गेला तर जाऊ द्या, मागचं मूल पुढचं नाव वाचेल.

आता तुमच्या वडिलांबद्दल. खरं तर तुमच्या पत्रात मला सगळ्यात आधी तेच दिसले.

त्यांना नव्या कार्यक्रमाला आणायचा प्रयत्न करू नका. तारीख सरकारची आहे, गावाची आहे. त्यांनी तिथी धरली आहे, घरच्या माणसाची धरतात तशी. मिरवणुकीची ती रात्र, मांडवात तुमच्यासोबत झोपणं, आणि घरात त्या दोघी. मांडवात झोपायचं तुम्हीच हट्ट करून मागितलं होतं की त्यांनी ठरवलं होतं, मला माहीत नाही. पण त्या रात्री आपण घरात नव्हतो, हे त्यांनी इतकी वर्षं कुणाशी बोललं नसेल असं मला वाटतं. तुमच्याशीही नाही. कदाचित तुमच्याशीच सगळ्यात कमी, कारण तुम्ही त्यांच्याबरोबर वाचलात. त्यांना कधी कुणी म्हणालं असेल, “निदान पोरगा तरी वाचला.”

पुढच्या अनंत चतुर्दशीला रात्री जेवताना त्यांना एकदाच विचारा, “उद्या मी येऊ का?” नाही म्हणाले तर ठीक. पुढच्या वर्षी परत विचारा. हो म्हणाले तर पहाटे त्यांच्या मागे चाला, पुढे नको. सोबत भाकरी घ्या. ते जिथे चपला काढतील तिथे तुम्हीही काढा आणि ते बोलेपर्यंत बोलू नका.

बोलले, तर दार कोणत्या दिशेला होतं आणि चूल कुठे होती, तेवढं विचारून या. फक्कीने आखताना लागेल.